अनुभव शून्य, तरीही बारमागे: एका नवख्या बारटेंडरचं प्रकरण

नवख्याला बारटेंडर व्हायचं असेल तर बहुतेक जण एकच वाट दाखवतात: एखादा कोर्स कर, पन्नास-साठ कॉकटेल पाठ कर आणि अर्ज टाकत राहा. या प्रकरणातल्या मुलाने नेमकं हेच केलं होतं, तरीही त्याला कुणी उभं करत नव्हतं. अखेर काम मिळालं ते आमच्याकडे, आणि तेही कॉकटेल येतात म्हणून नाही. त्या बारची जबाबदारी तेव्हा माझ्याकडे होती. त्यामुळे त्याची निवड, त्याचं शिकणं आणि पहिल्यांदा एकट्याने काउंटर सांभाळणं हे सगळं मला जवळून पाहता आलं. नाव आणि ठिकाण वगळून ते इथे मांडतो आहे.

अर्जात काय होतं, काय नव्हतं

वय पंचविशीच्या आसपास. शिक्षण संपल्यावर काही वर्षं औषधाच्या दुकानात काउंटरवर काम. हॉटेल, कॅफे, केटरिंग यांपैकी कशाचाच अनुभव नाही. अर्जात औषधाच्या दुकानाबद्दल जेमतेम एक ओळ होती. उरलेलं पान कॉकटेलची यादी, घरी केलेले प्रयोग आणि बाटल्या उडवण्याच्या कोर्सचं प्रमाणपत्र यांनी भरलं होतं.

असे अर्ज बाजूला का पडतात, हे मालकाच्या जागी उभं राहिलं की कळतं. बारमागे माणूस घ्यायचा म्हणजे त्याच्या हाती तीन गोष्टी द्यायच्या: महागडा माल, रोकड, आणि समोरच्या अनोळखी माणसाने किती प्यायची याचा निर्णय. नवख्याबद्दलची शंका या तीन ठिकाणी असते. पाठ केलेल्या ऐंशी रेसिपी त्यातल्या एकाही शंकेचं उत्तर देत नाहीत. रेसिपी तर आम्ही पंधरवड्यात शिकवतो. इंटरनॅशनल बारटेंडर्स असोसिएशन ही संस्था १९५१ पासून आहे आणि तिची अधिकृत यादी शंभराच्या आसपास कॉकटेलची आहे. एखाद्या बारच्या मेन्यूवर त्यातली फार थोडी असतात.

मुलाखतीत मी त्याला कॉकटेलबद्दल विचारलंच नाही. विचारलं, "चिठ्ठीशिवाय झोपेच्या गोळ्या मागायला कुणी आलं तर तू काय करायचास?"

तो म्हणाला, "नाही म्हणायचो, सर. पण मागच्या रांगेला ऐकू जाईल असं नाही. थोडं पुढे वाकून सांगायचो, आणि चिठ्ठी आणलीत की लगेच देतो, असंही सांगायचो. नुसतं नाही म्हटलं की माणूस भांडतो."

पुढच्या बोलण्यात आणखी काही निघालं. आधी मुदत संपणारा माल पुढे लावायचा, हे त्याच्या हाताला सवयीचं होतं. रात्री दुकान बंद करताना गल्ला आणि बिलं जुळवायची, फरक आला तर त्याच रात्री शोधायचा, हेही. एकसारख्या दिसणाऱ्या दोन डब्यांवरचं लेबल वाचल्याशिवाय त्याचा हात पुढे जात नव्हता. बारला हवं ते जवळजवळ सगळं या माणसाकडे होतं, पण त्याने ते अर्जात लिहिलंच नव्हतं. त्याला ते अनुभवात मोजण्यासारखं वाटलं नव्हतं. किराणा, बेकरी, तिकीटखिडकी, दवाखान्याचं स्वागतकक्ष, कुठल्याही काउंटरवर उभं राहिलेल्या माणसाने अर्ज लिहिताना याचा विचार जरूर करावा. गर्दीत डोकं शांत ठेवणं, हिशेब जुळवणं, तुटपुंज्या जागेत माल लावणं, रागावलेल्या माणसाशी बोलणं, हा सगळा बारचाच अनुभव आहे. तो तसा लिहिला पाहिजे.

एक गोष्ट त्याने चाचरत सांगितली: तो स्वतः पीत नाही. त्याला वाटत होतं यावर मुलाखत संपेल. तसं काही होत नाही. बारटेंडरला चव कळावी लागते, प्यावी लागत नाही. स्ट्रॉ पेयात बुडवून वरचं टोक बोटाने बंद करायचं, त्यात अडकलेले चार थेंब घ्यायचे, जिभेवर ठेवायचे, हवं तर थुंकायचे. गोड, आंबट आणि कडू यांचा तोल तेवढ्यात कळतो. उलट काम करताना पिणारा माणूस मला बारमागे नकोच असतो.

बारटेंडर नव्हे, बारबॅक

आम्ही त्याला बारटेंडरची जागा दिली नाही. बारबॅक म्हणून घेतलं. बारबॅक म्हणजे बारटेंडरचा मागचा हात: बर्फ आणणं, ग्लास धुणं-पुसणं, लिंबं कापणं, रस काढणं, रिकाम्या बाटल्या हटवणं, संपत आलेला माल वेळेआधी भरणं. तो थोडा हिरमुसला. कोर्समध्ये बाटल्या हवेत फिरवलेल्या माणसाला बर्फाच्या बादल्या उचलायला सांगितल्या की असं होणारच. पण बारमागची जागा मिळवायचा याहून खात्रीचा रस्ता मला माहीत नाही. बारबॅकला सगळं दिसतं आणि त्याच्याकडून रेसिपीची अपेक्षा नसते. शिकायला याहून चांगली जागा कुठली?

घेण्याआधी एक चाचणी शिफ्ट झाली. तिचे पैसे आम्ही दिले. नवख्याला फुकट राबवून घेणं मला पटत नाही, आणि अर्जदारानेही शिफ्टआधी हे स्पष्ट विचारावं. विचारल्याने कुणाची संधी जात असेल तर त्या ठिकाणी पुढेही तेच होणार आहे. त्या शिफ्टमध्ये मी तीन गोष्टी पाहिल्या. घसरणार नाहीत असे बूट घालून आला होता का? लिंबू कापताना बोटांची टोकं आत वळवत होता का? आणि हात रिकामे झाले की काय करत होता? तो फडकं उचलत होता. एवढ्यावर ठरलं.

कायद्याची बाजू आधीच पाहून ठेवलेली बरी. दारू वाढणाऱ्याचं किमान वय, परवाना, प्रशिक्षण यांचे नियम जागोजागी वेगळे असतात. ऑस्ट्रेलियासारख्या देशात जबाबदारीने दारू वाढण्याचं प्रशिक्षण घ्यावंच लागतं. जिथे काम शोधायचं तिथला नियम अर्ज टाकण्याआधी माहीत असेल, आणि लागणारं प्रमाणपत्र हाताशी असेल, तर बाटल्या उडवण्याच्या प्रमाणपत्रापेक्षा ते कितीतरी उपयोगी पडतं.

बर्फ

सुरुवातीच्या आठवड्यांत तो सर्वांत जास्त शिकला ते बर्फाबद्दल. बाहेरून पाहणाऱ्याला बर्फ म्हणजे फुकटची गोष्ट वाटते. प्रत्यक्षात शेक केलेल्या किंवा ढवळलेल्या कॉकटेलमध्ये पाव हिश्श्याच्या आसपास पाणी असतं, आणि ते सगळं वितळलेल्या बर्फातून येतं. बर्फ म्हणजे रेसिपीतला न लिहिलेला घटक. ओला, अर्धवट वितळलेला बर्फ घेतला तर त्यावरचं पाणी पेयात उतरतं आणि पेय पचपचीत होतं. तेच प्रमाण, तीच दारू, तरी चव पडलेली. शेकर बर्फाने नीट भरला तर पेय लवकर गार होतं आणि पाणी बेताचं उतरतं; दोन-चार खडे टाकून बराच वेळ हलवलं की उलटं होतं. नवखा हमखास बर्फात काटकसर करतो आणि पेय बिघडवतो.

दुसरी बाजू सुरक्षिततेची. बर्फ नेहमी स्कूपने काढायचा, ग्लास कधीच बर्फात बुडवायचा नाही. ग्लासची कड मोडली तर काचेचा तुकडा बर्फात दिसत नाही. आमच्याकडे ऐन गर्दीत एकदा बर्फाच्या पेटीजवळ ग्लास फुटला. बारटेंडर म्हणाला, पेटीत काही गेलेलं नाही. हा बारबॅक मात्र अडून बसला. सगळा बर्फ काढून टाकला, उरलेला गरम पाण्याने वितळवला, पेटी पुसली आणि नवा बर्फ भरला. तोवर लोक ताटकळले, बारटेंडर चिडला. नियम हाच आहे: पेटीजवळ काच फुटली की संपूर्ण पेटी रिकामी, त्यात वाद नाही. काम सुरू करून जेमतेम काही आठवडे झालेल्या माणसाने वरिष्ठासमोर तो पाळला, हे मी लक्षात ठेवलं.

त्याच ओघात हेही: धुण्याच्या मशीनमधून निघालेल्या गरम ग्लासात लगेच बर्फ टाकायचा नाही. तापमानाच्या धक्क्याने काच तडकते.

तीस मिलिलिटर म्हणजे तीसच

दुकानात थेंबाचा हिशेब ठेवलेला माणूस मापाबद्दल काटेकोर असेल, असं मला वाटलं होतं. तो होताही, पण बारमागे एक मोह असतो. अनुभवी लोक माप न वापरता, मनात आकडे मोजत, बाटलीतून थेट ओततात. ते देखणं दिसतं. यालाही तसंच ओतायचं होतं.

मी त्याच्यासमोर साधा हिशेब मांडला. ७५० मिलिलिटरच्या बाटलीतून ३० मिलिलिटरचे २५ पेग निघतात. प्रत्येक पेगला फक्त ५ मिलिलिटर जास्त पडले तर निघतात २१. म्हणजे प्रत्येक बाटलीमागे जवळपास चार पेग बिलाशिवाय गेले. महिन्याच्या स्टॉकमोजणीत हा फरक चोरीसारखाच दिसतो आणि संशय नव्या माणसावर येतो. शिवाय प्रश्न पैशांपुरता नाही. आंबट-गोड कॉकटेलमध्ये लिंबाचा रस ५ मिलिलिटरने चुकला तरी चव बदलते, आणि गिऱ्हाइकाला आपण नेमकी किती दारू दिली हेच आपल्याला माहीत राहत नाही.

सराव मात्र त्याने करावा, असं मीच सुचवलं, घरी आणि पाण्यावर. रिकाम्या बाटलीत पाणी भरायचं, तोंडाला पोअरर, म्हणजे धार एकसारखी पडावी म्हणून लावायची तोटी, लावायचा, स्वयंपाकघरातल्या डिजिटल वजनकाट्यावर ग्लास ठेवायचा. पाण्याचा एक मिलिलिटर म्हणजे एक ग्रॅम, त्यामुळे काटा थेट उत्तर देतो. मनात मोजत ओतायचं, मग आकडा पाहायचा. बाटली भरलेली, अर्धी आणि तळाला आलेली अशा तिन्ही वेळा करायचं, कारण प्रवाह बदलतो. या सरावाला ना दारू लागते ना नोकरी. काही दिवसांनी तो आपणहून म्हणाला, "सर, मी मापानेच ओततो. काट्यावर पाहिलं, हात थकला की दर वेळी जास्तच पडतं." आजही तो मापानेच ओततो, आणि गर्दीच्या रात्री त्याचा वेग त्यामुळे कमी झालेला मला दिसलेला नाही.

रेसिपी पाठ करण्याऐवजी

पाठांतराची त्याची ऐंशी कॉकटेलची यादी पहिल्याच चाचणीत कोसळली. नावं आठवत होती, आकडे एकमेकांत मिसळत होते. मग आमच्या वरिष्ठ बारटेंडरने त्याला घराणी शिकवली. ५० मिलिलिटर कोन्याक (फ्रेंच ब्रँडी), २० ट्रिपल सेक (संत्र्याच्या स्वादाची गोड दारू), २० पिवळ्या लिंबाचा रस म्हणजे साइडकार. कोन्याकच्या जागी टकीला घेतली, लिंबू हिरवं घेतलं आणि रस १५ वर आणला की मार्गारिटा. ट्रिपल सेकऐवजी साखर आणि टकीलाऐवजी पांढरी रम घेतली की डायकिरी. तिचं प्रमाण ६० मिलिलिटर रम, २० रस आणि दोन बार स्पून, म्हणजे बारमधले लांब दांड्याचे चमचे, साखर. तिन्हींचा सांगाडा एकच: दारू, आंबट, गोड. दुसरं घराणं ढवळण्याचं. मॅनहॅटन म्हणजे ५० राय (या धान्याची) व्हिस्की, २० गोड व्हर्मूथ (वनस्पतींचा स्वाद दिलेली वाइन), अँगोस्टुरा बिटर्स या कडू अर्काचा एक शिडकावा. निग्रोनी म्हणजे जिन, कॅम्पारी (कडवट लाल दारू) आणि गोड व्हर्मूथ प्रत्येकी ३०. ज्यात रस, साय किंवा अंडं आहे ते शेक करायचं. ज्यात फक्त दारू आणि व्हर्मूथसारखे प्रकार आहेत ते ढवळायचं, म्हणजे पेय नितळ राहतं. एवढं पक्कं झालं की नवं नाव ऐकल्यावर पहिला प्रश्न आपोआप सुचतो: हे कुठल्या घराण्यातलं?

औषधांच्या मुदतीची सवय इथे उपयोगी पडली. व्हर्मूथ ही मुळात वाइन आहे, बूच उघडल्यावर ती हवेने बिघडत जाते. ती फ्रीजमध्ये ठेवून महिना-दोन महिन्यांत संपवायची असते. आमच्याकडे ती खुशाल मागच्या फळीवर व्हिस्कीशेजारी उभी असायची. या मुलाने प्रत्येक उघडलेल्या बाटलीवर तारीख लिहायला सुरुवात केली, साखरेच्या पाकावरही. लिंबाचा रस त्या दिवशीचा त्या दिवशी. निग्रोनीच्या तक्रारी थांबल्या.

नाही म्हणण्याची वेळ

या संपूर्ण प्रकरणात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो एका संध्याकाळचा प्रसंग. एक गिऱ्हाईक काउंटरच्या टोकाला एकटं बसलेलं. बोलणं स्वच्छ, वागणं सभ्य. तासाभरात त्याने साठ मिलिलिटरचे तीन पेग घेतले होते आणि चौथा मागितला. दोन बारटेंडर आळीपाळीने वाढत होते, त्यामुळे एकूण किती झाले हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. रिकामे ग्लास उचलणाऱ्याला ठाऊक होतं. तो बारटेंडरच्या शेजारी आला आणि हळूच म्हणाला, "दादा, त्यांचे तीन झालेत, तासाभरात. काही खाल्लेलं नाही."

या माहितीचं वजन समजायला थोडं गणित लागतं, आणि ते प्रत्येक नवख्याने शिफ्टवर पाऊल ठेवण्याआधी शिकावं. ४० टक्के अल्कोहोल असलेल्या ३० मिलिलिटरमध्ये सुमारे साडेनऊ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. ५ टक्क्यांच्या ३३० मिलिलिटर बिअरमध्ये सुमारे १३ ग्रॅम आणि १२ टक्क्यांच्या १५० मिलिलिटर वाइनमध्ये १४ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे "बिअरच तर आहे" हे वाक्य हिशेबात टिकत नाही. शरीर ढोबळमानाने तासाला ७ ते १० ग्रॅम निकालात काढतं. कॉफीने किंवा गार पाण्याने तो वेग वाढत नाही. या गिऱ्हाइकाच्या पोटात तासाभरात सत्तावन्न ग्रॅमच्या आसपास गेले होते. आणि खरी अडचण पुढेच: प्यायलेल्या दारूचा पूर्ण परिणाम दिसायला अर्धा ते दीड तास लागू शकतो. समोरचा माणूस आत्ता ठीक दिसतो आहे तो आधीच्या पेगांवर. शेवटचा पेग अजून बोललेलाच नाही.

बारटेंडरने बारबॅकलाच सांगितलं, तू बोल. मुलगा पुढे वाकला. आवाज खाली. "साहेब, पुढचा थोड्या वेळाने देतो. तोवर पाणी ठेवतो, आणि स्वयंपाकघर चालू आहे, काहीतरी खाऊन घ्या." गिऱ्हाईक क्षणभर नाराज झालं, मग खायला मागवलं. अर्ध्या तासाने ते उठलं तेव्हा त्याला स्टूल धरावं लागलं. पुढचा पेग दिला गेला नाही. घरी सोडायला गाडी बोलावली, ती येईपर्यंत मुलगा त्याच्याजवळ थांबला.

बारकाईने पाहिलं तर त्याने आधीच्या कामातलीच पद्धत वापरली होती: चारचौघांत अपमान नाही, "तुम्हाला चढली आहे" असा शब्द नाही, आणि नकारासोबत दुसरं काहीतरी हातात. मी अनेक अनुभवी बारटेंडर पाहिले आहेत ज्यांना कॉकटेल उत्तम जमतं आणि हे जमत नाही. त्या रात्रीनंतर त्याला काउंटरवर उभं करायचं हे मी नक्की केलं.

काउंटरवर

सुरुवात दुपारच्या, कमी गर्दीच्या शिफ्टने केली. शुक्रवार-शनिवारची रात्र नवख्याला देणं हा त्याच्यावरही अन्याय आणि गिऱ्हाइकावरही.

तिथे त्याची अडचण अनपेक्षित जागी आली. पेयं बरोबर होती, क्रम चुकत होता. चार जणांच्या ऑर्डरमध्ये तो ऐकलं त्या क्रमाने बनवत जाई. चौथं तयार होईपर्यंत पहिल्याचा फेस बसलेला असे. मग त्याला सांगितलं: ऑर्डर पूर्ण ऐक, आधी सगळे ग्लास मांड, जे थांबू शकतं ते आधी, शेक केलेलं आणि नळाची बिअर सर्वांत शेवटी. शेकरमध्ये स्वस्त घटक आधी, म्हणजे रस आणि पाक, दारू अखेरीस. मध्येच चूक झाली तर ओतून टाकायला लिंबाचा रस जातो, व्हिस्की नाही. आणि रांगेतल्या प्रत्येकाकडे एकदा पाहून "पाहिलं, येतो" एवढं म्हणायचं. नजर मिळालेला माणूस थांबायला तयार असतो, न मिळालेला माणूस मिनिटाभरात वैतागतो.

बोलण्याच्या बाबतीत तो अजूनही अवघडतो. औषधाच्या काउंटरवर माणूस दोन मिनिटं थांबतो. बारच्या काउंटरवर तो दोन तास बसतो. सुरुवातीला ही शांतता भरून काढायला तो उगाच बोलत राही, आणि एकट्याने बसायला आलेल्यांना ते नको असे. आता एक प्रश्न विचारतो आणि पुढचं समोरच्यावर सोडतो. काही नेहमीचे लोक त्याच्याकडेच बसतात, काही अजून वरिष्ठ बारटेंडरचीच वाट पाहतात. उभं राहून दुखणारे पाय आणि पहाटे उशिरा लागणारी झोप यांवर तोडगा निघालेला नाही. सलग रात्रपाळ्या तीनहून जास्त लावायच्या नाहीत, एवढं आम्ही दोघांनी ठरवलं आहे. महिन्याची स्टॉकमोजणी मात्र मी पूर्णपणे त्याच्याकडे दिली आहे.